लातूरचा ऊर, इराकचा ऊर आणि पंचांगातला होरा

2023 मध्ये औरंगाबादचं छत्रपती संभाजीनगर आणि उस्मानाबादचं धाराशिव झालं. तेव्हापासून मराठवाड्यात गावांच्या नावांचा विषय निघाला की लवकर मिटत नाही. आपल्या गावाचं मूळ नाव काय, ते कोणी ठेवलं, कधी बदललं, यावर पारावर बोलणं होतं, एसटीत होतं आणि सगळ्यात जास्त मोबाइलवर होतं. अशा चर्चांमध्ये एक दावा अधूनमधून वर येतो. लातूर, देगलूर, चाकूर या नावांच्या शेवटी जो 'ऊर' आहे, तो आणि इराकमधलं प्राचीन ऊर शहर एकच, म्हणजे आपली गावं थेट सुमेरी संस्कृतीशी जोडलेली, असा तो दावा.

दावा ऐकायला भारी वाटतो आणि त्यामागे आपल्या मातीबद्दलची आपुलकी असते. पण तो टिकत नाही. का टिकत नाही हे नीट पाहिलं तर आपल्या गावांच्या नावांबद्दल त्याहून कितीतरी खरी आणि रंजक माहिती हाती लागते. त्यासाठी फार व्याकरण यायला हवं असं नाही, 'ऊर' हा एवढासा शब्द धरून चाललं तरी पुरतं.

एक शब्द, दहा भाषा

मराठीत ऊर म्हणजे छाती. ऊर भरून येतो, ऊर दडपतो, दुःखात बाया ऊर बडवून घेतात. हा संस्कृत 'उरस्' वरून आला. उराने सरपटत जातो म्हणून सापाला 'उरग' म्हणतात, तो हाच. संस्कृतातच 'ऊरु' म्हणजे मांडी, आणि 'उरु' म्हणजे रुंद, विस्तीर्ण. एका ऱ्हस्व-दीर्घाने छातीवरून मांडीवर जातो.

तमिळमध्ये ऊर म्हणजे गाव. कन्नड आणि तेलुगूत ऊरु, अर्थ तोच. स्पेन आणि फ्रान्सच्या सीमेवर बास्क नावाची भाषा बोलतात, तिच्यात उर म्हणजे पाणी. हंगेरीच्या भाषेत ऊर म्हणजे मालक, आणि नावानंतर लावला की श्रीयुत, साहेब. 'कोवाच ऊर' म्हणजे कोवाच साहेब. तुर्की भाषेत उर म्हणजे अंगावर किंवा अंगात वाढलेली गाठ. हिब्रूत ऊर म्हणजे जाळ, आग. डॅनिश आणि स्वीडिश भाषांत ऊर म्हणजे घड्याळ, आणि स्वीडिशमध्ये त्याशिवाय 'मधून, बाहेर' अशा अर्थाचाही एक वेगळा 'ऊर' आहे. जर्मनमध्ये तो शब्दाच्या आधी लागतो आणि 'मूळचा, आदिम' असा अर्थ देतो. आजोबाला जर्मन 'ग्रोसफाटर', पणजोबाला 'ऊरग्रोसफाटर' आणि खापरपणजोबाला 'ऊरऊरग्रोसफाटर'. स्वीडिशमधला 'मधून' आणि जर्मनचा 'मूळचा' हे दोघं मात्र सख्खे आहेत, दोन्ही एकाच जुन्या जर्मानिक शब्दातून निघाले.

इथे एक गोष्ट ध्यानात ठेवायला हवी. हे सगळे शब्द देवनागरीत लिहिले की सारखे दिसतात, पण त्यातले बरेच उच्चाराने सारखे नाहीत. कुठे उ ऱ्हस्व, कुठे दीर्घ, कुठे शेवटचा र जिभेवर घोळवलेला, कुठे नुसता पुसटसा. हंगेरीच्या भाषेत तर ओठांचा चंबू करून उच्चारलेला आणखी एक 'ऊर' आहे आणि त्याचा अर्थ पोकळी, अवकाश. तो दाखवायला देवनागरीत अक्षरच नाही. निम्मा गोंधळ या लिहिण्यातच होतो.

सारखे दिसतात म्हणून नातेवाईक?

पाटील आडनावाचं उदाहरण घ्या. निलंग्याचे पाटील आणि वैजापूरचे पाटील आडनावाने सारखे, म्हणून कोणी त्यांना भाऊबंद म्हणत नाही. वंशावळ काढून पाहिल्याशिवाय भावकी ठरत नाही. उलट पाटलांची लेक देशमुखांच्या घरी गेली, तर तिचं आडनाव वेगळं, पण रक्त तेच. शब्दांचंही असंच असतं. शब्दाची वंशावळ काढण्याला 'व्युत्पत्ती' म्हणतात, आणि ती काढताना तोंडावळ्यापेक्षा कागद महत्त्वाचा असतो.

योगायोग किती सहज घडतो, याचा साधा हिशोब करता येतो. एका भाषेत पाच स्वर आणि वीस व्यंजनं आहेत असं धरू. आधी स्वर, मग व्यंजन अशा दोन ध्वनींच्या शब्दांचे प्रकार होतात पाच गुणिले वीस, म्हणजे फक्त 100. जगात आज सुमारे 7000 भाषा आहेत आणि प्रत्येकीत हजारो शब्द. मग 'उर' हा जोड पन्नास भाषांत सापडला तर नवल नाही, सापडला नसता तर नवल होतं. आणि गाव, पाणी, आग, माणूस हे अर्थ तर प्रत्येक भाषेला लागतातच. शब्द जितका आखूड, तितकी शंका जास्त घ्यायची, हा या कामातला पहिला नियम.

तोंडपाठ असलेलं उदाहरण पाहा. फारसीतून आपल्याकडे 'बद' आला, म्हणजे वाईट: बदनाम, बदमाश, बदसूर. इंग्रजीत 'बॅड', अर्थ तोच. ध्वनी जवळजवळ तोच, दोन्ही भाषा एकाच मोठ्या कुळातल्या, तरी हे दोन शब्द एकमेकांचे कोणी लागत नाहीत. दोघांचे जुने लेखी पुरावे मागे नेत गेलं की ते वेगवेगळ्या ठिकाणी पोचतात.

मग नातं ठरवायचं कशावरून?

भाषा बदलते तेव्हा एखादाच शब्द बदलत नाही, एक आवाज शब्दाशब्दांतून सारखाच बदलत जातो. याला 'ध्वनिनियम' म्हणतात. संस्कृतातून प्राकृत आणि प्राकृतातून मराठी होताना असा एक फार मोठा नियम लागू झाला: शब्दाच्या मध्ये, दोन स्वरांच्या कचाट्यात आलेले क, ग, च, ज, त, द, प असे वर्ण बहुधा गळून पडले. प्राकृताच्या जुन्या व्याकरणांत वररुचीने हे सूत्रात बांधून ठेवलंय आणि बाराव्या शतकात हेमचंद्रानेही.

तो नियम जवळून पाहायचा असेल तर धाराशिव जिल्ह्यातल्या तेरला जावं. तेर म्हणजे प्राचीन तगर. इसवी सनाच्या पहिल्या शतकातल्या एका ग्रीक व्यापारी मार्गदर्शिकेत 'तगर' हे नाव आहे, पैठणपासून पूर्वेला दहा दिवसांच्या वाटेवर. तगर मधला ग दोन स्वरांच्या मध्ये आहे. तो गळाला, तगरचं तयर झालं, तयरचं तेर. याच वाटेने नगर चं नयर आणि मग नेर झालं. पारनेर, जामनेर, अमळनेर या नावांतला नेर तो हाच. आता तेरचे संत गोरोबा पाहा, गोरा कुंभार. कुंभकार मधला क गळाला आणि कुंभार झाला. लोहकारचा लोहार आणि सुवर्णकारचा सोनार याच घाण्यातून निघाले. गाव आणि गावातल्या संताचा धंदा, दोन्ही शब्दांत तोच नियम. ध्वनिनियमाची ताकद अशी असते की एकदा कळला की दुसरीकडे काय सापडेल हे आधीच सांगता येतं.

पैठणही तसंच. संस्कृत प्रतिष्ठान, प्राकृत पइठाण, आपलं पैठण. त्याच ग्रीक मार्गदर्शिकेत हे नाव 'पैठाण' च्या जवळ जाणारं लिहिलंय, 'प्रतिष्ठान' नाही. म्हणजे दोन हजार वर्षांपूर्वी बाहेरून आलेल्या व्यापाऱ्याच्या कानावर लोकांच्या तोंडचा प्राकृत उच्चारच पडत होता. पोथीतलं नाव जुनं आणि लोकांच्या तोंडचं नाव नंतरचा बिघाड, ही समजूत इथे पार उलटी पडते.

इराकच्या ऊरचं काय?

दक्षिण इराकमध्ये नासिरिया शहराजवळ तेल अल-मुकय्यर नावाचं टेकाड आहे. तिथे 1922 ते 1934 या काळात लेनर्ड वुली यांनी उत्खनन केलं आणि राजघराण्यातली थडगी, सोन्याचे दागिने, उंच मंदिराचा चौथरा जगापुढे आला. हेच ऊर.

पण सुमेरी लोक स्वतः या शहराला 'ऊर' म्हणत नव्हते. त्यांच्या भाषेत नाव होतं 'उरिम'. शेवटचा म पुढे गळाला आणि बायबलमधून आपल्यापर्यंत 'ऊर' पोचलं. दुसरी गंमत म्हणजे सुमेरी भाषेत 'शहर' यासाठी वेगळाच शब्द आहे, 'उरु' किंवा 'इरि'. शहराचं नाव आणि शहर हा शब्द यांचा एकमेकांशी संबंध नाही, लिहिताना चिन्हंही वेगळी. आणि त्याच सुमेरी भाषेत 'उर' असा तिसरा शब्द आहे, त्याचा अर्थ कुत्रा. त्याचाच दुसरा वापर 'सेवक, माणूस' असा. ऊरचा प्रसिद्ध राजा ऊर-नम्मू, त्याच्या नावातला ऊर हा 'सेवक', नम्मू देवीचा सेवक. शहराचं नाव त्यात नाही.

यावर कोणी म्हणेल, ठीक आहे, शहराचं नाव सोडा, पण सुमेरी 'उरु' म्हणजे शहर आणि कन्नड 'ऊरु' म्हणजे गाव, हे तरी जुळतंच की! जुळतं, पण एकटंच जुळतं. दोन भाषा खरोखर एका घरच्या असतील तर रोजच्या वापरातले शब्द एका नियमाने जुळायला हवेत. तमिळ आणि सुमेरी शेजारी मांडून पाहू. पाणी: तमिळ नीर, सुमेरी अ. हात: तमिळ कै, सुमेरी शु. डोळा: तमिळ कण, सुमेरी इगि. दोन: तमिळ इरंडु, सुमेरी मिन. तीन: तमिळ मूण्ड्रु, सुमेरी एश. एकही जोडी बसत नाही. आता संस्कृत आणि इंग्रजी पाहा. दंत आणि टूथ, दश आणि टेन, द्वि आणि टू. आपल्याकडे द आहे तिथे त्यांच्याकडे ट, आणि हे पुन्हा पुन्हा. नातं असलं की ते असं ओळीने दिसतं. सुमेरी भाषेचं आजपर्यंत कुठल्याच दुसऱ्या भाषेशी असं नातं सिद्ध झालेलं नाही, भाषाशास्त्रात ती एकाकी भाषा मानली जाते.

दक्षिणेतला ऊर

आता आपल्या दाराशी असलेल्या ऊरकडे येऊ. बिलोली, देगलूरच्या लोकांना तो शिकवावा लागत नाही. सीमेपलीकडच्या पाहुण्याने 'मीदि ए ऊरु?' विचारलं की 'तुमचं गाव कोणतं?' हे त्यांना कळतं. कन्नडमध्ये तोच प्रश्न 'निम्म ऊरु यावुदु?', तमिळमध्ये 'एन्द ऊर?' तिन्ही भाषांत शब्द एकच, अर्थही एकच, आणि नुसतं वस्ती नव्हे तर आपलं मूळ गाव असाही. कन्नड आणि तेलुगूत शब्दाचा शेवट बहुधा स्वराने होतो म्हणून तिथे उ जास्तीचा. 1 नोव्हेंबर 2014 ला कर्नाटक सरकारने बेंगळूरु, मैसूरु, मंगळूरु अशी नावं अधिकृत केली, तेव्हा इंग्रजीत गळलेला हाच उ परत आला. केरळात आदिवासी पाड्याला ऊरु म्हणतात, पाड्याच्या सभेला ऊरुकूट्टम. चोळांच्या काळात तमिळ गावातल्या शेतकऱ्यांच्या सभेलाच 'ऊर' असं नाव होतं. शब्द दोन हजार वर्षांपूर्वीच्या संगम काळातल्या तमिळ कवितांपासून अखंड वापरात आहे.

देगलूर हे नाव या ऊरने छान उलगडतं. कन्नडमध्ये 'देगुल' म्हणजे देऊळ. देगुल अधिक ऊर, म्हणजे देवळाचं गाव. संस्कृत 'देवकुल' हा शब्द दोन वाटांनी गेला. मराठीच्या वाटेवर मधला क गळाला आणि देऊळ झालं. कन्नडच्या वाटेवर क चा ग होऊन राहिला आणि देगुल झालं. म्हणजे देगलूर आणि मराठवाड्यातलं कुठलंही देऊळगाव, दोन्ही नावांचा अर्थ एकच, फक्त एक कन्नडमधून आलं आणि एक मराठीतून.

देगलूर तालुक्यातच होट्टल आहे, कल्याणी चालुक्यांच्या काळातल्या देखण्या मंदिरांचं. त्याचं जुनं नाव पोट्टल. प चा ह कसा झाला? जुन्या कन्नडमधला शब्दाच्या सुरुवातीचा प पुढच्या कन्नडमध्ये ह होतो: दूध म्हणजे पाल, त्याचं हालु, वाघ म्हणजे पुलि, त्याचं हुलि. मराठीत असा नियम नाही. तेव्हा पोट्टलचं होट्टल झालं ते कन्नड बोलणाऱ्या तोंडात, हे नुसत्या नावावरून सांगता येतं.

ऊर म्हणजे पूरच ना?

हा आक्षेप हमखास येतो आणि तो अर्धा बरोबर आहे, म्हणूनच अवघड आहे.

'पुर' हा संस्कृत शब्द, मूळ अर्थ तटबंदीची वस्ती. त्याचं नातं ग्रीक 'पोलिस' म्हणजे नगर, आणि लिथुआनियाच्या भाषेतल्या 'पिलिस' म्हणजे किल्ला, यांच्याशी लावलं जातं. त्या ग्रीक शब्दातूनच पुढे फिरत फिरत आपला रोजचा 'पोलीस' आला. म्हणजे तुळजापूरच्या नावातला पूर आणि तुळजापूरच्या ठाण्यातले पोलीस हे दूरचे नातेवाईक निघतात. (नदीला येणारा पूर वेगळा, त्याचा इथे संबंध नाही.)

तमिळ 'ऊर' हा या 'पुर' चा अपभ्रंश असेल का? नसावा. प गळण्याचा प्राकृत नियम दोन स्वरांच्या मधल्या प साठी आहे, शब्दाच्या तोंडाशी असलेल्या प साठी नाही. तमिळ ऊर तर स्वतंत्र उभा राहणारा शब्द आहे, त्याच्या आधी काही नसतं. शिवाय पुर मधला उ ऱ्हस्व, ऊर मधला दीर्घ. आणि तमिळने संस्कृत पुर घेतला तेव्हा तो 'पुरम' म्हणून घेतला, कांचीपुरम मध्ये तो तसाच शाबूत आहे.

पण जोडनावाच्या शेवटी गोष्ट बदलते. तिथे पुर च्या आधी स्वर असतो, प कचाट्यात सापडतो आणि गळू शकतो. नूपुर चं प्राकृतात 'णेउर' झालं ते याच नियमाने. त्यामुळे मराठवाड्यात 'ऊर' ने संपणारी सगळी गावं कन्नड-तेलुगू ऊरची, असं म्हणता येत नाही. माहूरला महानुभाव साहित्यात मातापूर म्हटलंय. त्यातले त आणि प दोन्ही स्वरांच्या मध्ये आहेत, ते गळले की माऊर आणि मग माहूर. हा ऊर पुर-घराण्यातला दिसतो. शिरूर तर दोन्हीकडून बसतो. श्रीपुर चं प्राकृतात सिरिउर, त्याचं शिरूर. किंवा कन्नड 'सिरि' म्हणजे श्री, वैभव, आणि ऊरु. मराठवाड्यात शिरूर अनंतपाळ आहे, शिरूर कासार आहे, शिरूर ताजबंद आहे. त्यातलं कुठलं कोणत्या वाटेने आलं हे नुसत्या नावाकडे पाहून ठरवायला जाऊ नये. प्रत्येक गावाचा जुना कागद वेगळा काढावा लागतो.

लातूर, अक्षर अक्षर

लातूरच्या बाबतीत असा कागद आहे, आणि तो दगडावर आहे. राष्ट्रकूट राजा पहिला अमोघवर्ष याच्या काळातले 866 चे दोन लेख कर्नाटकात निळगुंद आणि शिरूर इथे मिळाले (हे शिरूर आपलं नव्हे). त्यात राजाला 'लत्तलूर-पुर-वरेश्वर' असं बिरुद आहे, लत्तलूर या श्रेष्ठ पुराचा स्वामी. हे लत्तलूर म्हणजे आजचं लातूर असं बहुतेक इतिहासकार मानतात. लेखांत ते लट्टलूर असंही वाचलं जातं.

या बिरुदात दोन वस्तीवाचक शब्द एकापुढे एक आलेत: ऊर आणि पुर. लत्तलूर मध्ये 'गाव' आधीच आहे, तरी लेख रचणाऱ्याने त्याला पुर जोडला. याचा अर्थ त्याच्या दृष्टीने लत्तलूर हे एक अखंड नाव होतं, आणि त्यातला ऊर हा पुर चा झिजलेला तुकडा नव्हता.

लत्तलूर पासून लातूर कसं झालं? आधी जवळजवळ आलेल्या दोन ल पैकी एक गळाला, जीभ अशी पुनरावृत्ती टाळते. उरलं लत्तूर. मग मराठीचा नेहमीचा नियम: जोडाक्षर सुटं झालं आणि भरपाई म्हणून आधीचा स्वर लांबला. सप्त, सत्त, सात. हस्त, हत्थ, हात. कर्म, कम्म, काम. तसंच लत्तूर, लातूर.

लातूरला रत्नापूर असंही म्हणतात, आणि लातूर हे त्याचंच रूप असं सांगितलं जातं. रत्नेश्वराचं नाव घेणाऱ्यांच्या श्रद्धेला त्याने काही बाधा येत नाही, पण व्युत्पत्ती म्हणून हे बसत नाही. संस्कृत 'रत्न' चं प्राकृतात 'रयण' होतं. त्या वाटेने गेलं असतं तर गावाचं नाव रयणूर च्या जवळपास आलं असतं. र चा ल आणि त्न चा त्त एकाच नावात एकदम मानायचा, आणि नवव्या शतकातला लेख बाजूला ठेवायचा, असं दोन्ही करावं लागतं.

खरं नातं कुठे निघालं

वर डॅनिश 'ऊर' म्हणजे घड्याळ असं आलं. हा शब्द जर्मनीच्या उत्तरेकडून गेला, तिथे तो लॅटिन 'होरा' वरून आला आणि लॅटिनने तो ग्रीकमधून घेतला. ग्रीक 'होरा' म्हणजे काळ, प्रहर. इंग्रजी 'अवर' त्याचाच.

ग्रीकांकडून ज्योतिष आपल्याकडे आलं, त्याबरोबर हा शब्दही आला. संस्कृतात तो 'होरा' म्हणूनच राहिला. दिवस-रात्रीचा चोविसावा भाग म्हणजे एक होरा, आणि राशीचा अर्धा भाग, 15 अंश, यालाही होरा म्हणतात. पंचांगात आजही रोज होरे दिलेले असतात, शनीचा होरा, गुरूचा होरा. म्हणजे कोपनहेगनच्या माणसाच्या मनगटावरचं 'ऊर' आणि लातूरच्या घरातल्या पंचांगातला 'होरा' हे एकाच आजीचे नातू आहेत. दोघांचा तोंडावळा जुळत नाही, पण प्रत्येक पायरीचा लेखी पुरावा आहे.

होराच्या बाबतीत एक जुनी नोंद फार बोलकी आहे. सहाव्या शतकात वराहमिहिराने बृहज्जातकात लिहून ठेवलंय की 'अहोरात्र' या शब्दाचं पहिलं आणि शेवटचं अक्षर काढलं की होरा होतो, असं काही जण मानतात. ऐकायला किती चपखल! पण अहोरात्र चा पहिला अ आणि शेवटचा त्र एकाच वेळी गळावेत असा कोणताही ध्वनिनियम नाही, असा दुसरा शब्द संस्कृतात दाखवता येत नाही. एवढ्या विद्वान मंडळींतही अशा व्युत्पत्त्या चालत होत्या. परका शब्द आपल्या ओळखीच्या शब्दातून निघाला असं वाटणं हा मनाचा जुना कल आहे.

म्हणजे मराठवाडा कानडी होता का?

हा प्रश्न बहुतेकांच्या मनात येतो, तर त्याला सरळ उत्तर द्यायला हवं. राष्ट्रकूटांची राजधानी मान्यखेट, म्हणजे आजच्या कलबुर्गी जिल्ह्यातलं मळखेड. अमोघवर्षाच्या दरबारातल्या कविराजमार्ग या कन्नड ग्रंथात कन्नड प्रदेशाची सीमा कावेरीपासून गोदावरीपर्यंत सांगितलीय. लातूर, धाराशिव, नांदेड भागात कन्नड शिलालेख मिळतात. पुढे देवगिरीच्या यादवांच्या काळात संस्कृत, कन्नड आणि मराठी या तिन्ही भाषांत लेख कोरले गेले आणि मराठीचं प्रमाण वाढत गेलं. एवढं पुराव्याने म्हणता येतं.

पण नावाची भाषा आणि जमिनीवरचा आजचा हक्क या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. एखाद्या गावाला ऊर लागलाय याचा अर्थ ते नाव रुळलं त्या काळात तिथे कन्नड किंवा तेलुगू बोलली जात होती, एवढाच. त्याच वेळी तिथे मराठी बोलणारे नव्हते असं त्यातून निघत नाही, तेर आणि पैठण ही नावं प्राकृताच्या वाटेने झिजली ती याच प्रदेशात. निजामाच्या राज्यात तेलुगू, मराठी, कन्नड आणि उर्दू एकत्र नांदत होत्या. आजही उदगीर, देगलूरच्या बाजारात एकाच दुकानात तीन भाषा ऐकू येतात, आणि तिथे कोणाला त्याचं ओझं वाटत नाही.

आपल्या गावाचं नाव तपासायचं असेल तर

सुरुवात सगळ्यात जुन्या लेखी नोंदीपासून करा, आजच्या नावाचे तुकडे पाडण्यापासून नको. राज्याच्या गॅझेटियर विभागाचे जिल्हावार खंड पाहा, पण जिल्हे केव्हा झाले हे आठवून पाहा. लातूर जिल्हा 1982 चा, म्हणून त्याची गावं उस्मानाबादच्या जुन्या खंडात असतात. जालना 1981 चा, हिंगोली 1999 चा, त्यांच्यासाठी औरंगाबाद आणि परभणीचे खंड. उदगीर, अहमदपूर, निलंगा हे तालुके 1956 पर्यंत बिदर जिल्ह्यात होते, म्हणून त्यांच्या जुन्या नोंदी बिदरच्या नावाखाली शोधा. तेराव्या-चौदाव्या शतकासाठी महानुभावांची स्थानपोथी फार मोलाची, चक्रधरस्वामी जिथे जिथे राहिले त्या गावांची नावं त्यात आहेत आणि मराठवाड्यातली बरीच आहेत. मराठी शिलालेखांसाठी तुळपुळ्यांचा प्राचीन मराठी कोरीव लेख हा संग्रह आहे. द्राविडी शब्दांसाठी बरो आणि एमेनो यांचा व्युत्पत्तिकोश शिकागो विद्यापीठाच्या संकेतस्थळावर फुकट पाहता येतो, ऊर त्यात 752 क्रमांकाच्या नोंदीत आहे.

नोंद मिळाली की ती कोणत्या लिपीतली आहे हे पाहा, सगळ्यात जास्त चुका इथे होतात. निजामकाळातले कागद उर्दूत आहेत. उर्दूत 'वाव' हे एकच अक्षर ऊ, ओ, औ आणि व यांच्यासाठी वापरतात, त्यामुळे लातूर असं लिहिलेलं लातोर असंही वाचता येतं. उर्दूत ळ नाही, कळंब लिहायचं तर ल वापरूनच लिहावं लागतं. मोडीत इ-ई आणि उ-ऊ यांचा ऱ्हस्व-दीर्घ फरक बहुधा केलेला नसतो, म्हणून मोडी कागदावरून 'पुर की पूर, उर की ऊर' हा वाद सोडवता येत नाही. इंग्रजी नकाशांत तर एकच आवाज कुठे एका 'यू'ने, कुठे दोन 'ओ'ने लिहिलेला असतो. जुन्या उर्दू फेरफारात गावाचं नाव वेगळं 'दिसलं' म्हणून नाव बदललं होतं असा निष्कर्ष काढण्याआधी ते उर्दू वाचणाऱ्या जाणकाराला दाखवावं, आणि त्याच गावाचं नाव निदान आणखी एका लिपीतल्या कागदावर ताडून पाहावं.